तिसरा शेंडा

अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडली:
प्रौढ एक, दुचाकी एक, प्लास्टिक नाही.
हिरव्या स्वेटरातला सुपडू पुढे झाला,
हातात काठी, खांद्यावर माझाच पाण्याचा कॅन.

एकोणतीस वर्षं हा डोंगर मी दुकानातून पाहिला.
चाळीसगाव, घाट रोड, पहिला मजला, चष्म्याचं दुकान;
दक्षिणेला खिडकी, खिडकीत एक निळा पट्टा.
ज्यांना अक्षर येत नाही
त्यांना तक्त्यासमोर बसवून लाजवायचं कशाला?
मी म्हणायचो, बाहेर बघा,
डोंगराला शेंडे किती?
तीन म्हणाले की नंबर बरोबर.
नाहीतर भिंग बदलायचं, विचारायचं,
आता कसं? आधीचं बरं, की हे?
किती जणांचे डोळे मी त्या डोंगराला लावले,
स्वतःचा पाय एकदाही लावला नव्हता.

डोंगरी नदी ओलांडली. घोट्याएवढं पाणी, मार्गशीर्षातलं,
थेट हाडाची विचारपूस करणारं.
पुढे सागाची वाळकी पानं, पापडासारखी,
चोरून चालायची सोयच नाही.
अंजनाच्या बुंध्यावर नखांचे ओरखडे
सुपडूनं बोट ठेवून दाखवले, नाव घेतलं नाही.
मी चष्मा पुसला. वाफ माझ्याच तोंडाची होती.

मग कातळात पायऱ्या. काही आहेत, काही होत्या.
एके ठिकाणी नुसती खाच, तीही झिजलेली.
तिथे सुपडूनं माझा बूट हातात धरला आणि खाचेत बसवला,
मी एखाद्याच्या कानामागे काडी बसवतो तसा,
हलकं दाबून, दुखतं का विचारून.
"खाले देखू नका."
मी पाहिलंच. वानरांच्या पाठी वरून कशा दिसतात
हे मला ठाऊक नव्हतं.

माथ्यावर दगडात कोरलेलं टाकं,
त्यात आभाळ आणि एक बेडूक.
दम खाऊन मी शेंडे मोजायला लागलो.
उभा आहे तो एक. पूर्वेला, बुरुजापलीकडे, दुसरा.
आणि?
"मधला आपला नही," सुपडू म्हणाला. "तो मांगला डोंगरना शे."
मध्ये दरी होती.
अख्खी दरी, झाडांसकट, घारींसकट,
वाळलेल्या धबधब्याच्या काळ्या ओघळासकट,
एवढं सगळं मी एकोणतीस वर्षं
निळ्या रंगाखाली मिटवून ठेवलं होतं.

तेव्हा उखाबाई आठवली. पाटण्याची.
मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली.
शेंडे किती?
"दोन शेतस, भाऊ."
भिंग बदललं. दोन.
आणखी जाड. दोनच.
मी हसलो, कागदावर काहीतरी लिहिलं
आणि तिला नको तेवढा नंबर दिला.
आठवड्यानं परत आली, म्हणाली जमीन वर येते.
मी म्हणालो, होईल सवय.

"उखाबाई? मामी शे मनी," सुपडू म्हणाला.
याच वाटेनं डिंक आणायची, पाठीवर पोर बांधून.
आता कशी आहे, विचारायला मला वेळ लागला.
त्यानं फडकं सोडलं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा.
"बरी शे. चस्मा घालत नही पन. खुटीले टांगेल शे."
ठेचा तिखट होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानंच,
असं मी त्यालाही सांगितलं.

उत्तरेकडे सगळं धुरकट.
कापसाचे चौकोन, कुठूनतरी मालगाडीचा आवाज,
त्यात माझी खिडकी कुठली
ते डोळे बारीक करूनही लागलं नाही.

उतरताना गुडघे बोलत होते, आम्ही गप्प.
वरच्या खिशात छोटा पेचकस नेहमी असतो माझ्या,
तो दोनदा चाचपला.
नाक्यापाशी विचारलं, मामीचं घर कोणतं?
"तिसरं," सुपडू म्हणाला.
मग थांबला, बोटं मोजली.
"मधलं पडनं. दुसरं."